जन्माच्या वजनाची नोंद जपू या



 खैरानी रोडचे गाळे, जरीमरीची दाट वस्ती, मोहिलीच्या चाळी यांच्यामधल्या साकीनाक्यात आजचा विषय, म्हणजे मुलींच्या काखेत वेळेआधी केस येणं, दवाखान्याची पायरी नेहमी चढतो.

सात वर्षांच्या मुलीला घेऊन आई येते आणि दबक्या आवाजात सांगते, "डॉक्टर, हिच्या घामाला मोठ्या बायकांसारखा वास येतो, काखेत केस आलेत. एवढ्यात पाळी येईल का हो?" पाळीचं चक्र वेगळं. इथे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी लवकर जाग्या झालेल्या असतात. आठ वर्षांच्या आत हे दिसलं, तर गाठ किंवा ग्रंथीचा जन्मजात दोष नाही ना, हे तपासावंच लागतं. बहुतेकींत तसं काही निघत नाही. तरीही एक प्रश्न विचारायलाच हवा : जन्माचं वजन किती होतं?

1998 मध्ये बार्सिलोनाच्या डॉ. लुर्देस इबान्येझ यांनी अशा मुलींचं कमी जन्मवजन आणि पुढचा इन्शुलिनचा दोष यांचा संबंध दाखवला. 2004 मध्ये ब्रिस्टलच्या मुलांच्या पाहणीत, लहानखुरी जन्मून पहिल्या तीन वर्षांत झपाट्याने वजन वाढलेल्यांत अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरकं सर्वांत जास्त आढळली. हा धागा सगळ्याच पाहण्यांत सारखा दिसलेला नाही. पण आपल्याकडे त्याकडे दुर्लक्ष परवडणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून केलेल्या अभ्यासात खेड्यांतल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं हडकुळी दिसली, तरी कातडीखालची चरबी त्यांनी बरीच राखलेली होती.

म्हणून बाळ गुटगुटीत करण्याची घाई नको. अंगावरचं दूध आणि वाढीच्या तक्त्यावरची नजर हवी. त्याहून आधी आईचं ताट भरलेलं हवं. डॉ. रमेश पोतदार यांच्या पुढाकाराने मुंबईच्याच वस्त्यांत, गर्भधारणेआधीपासून बायकांना पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ देऊन पाहिला गेला. किमान तीन महिने आधी सुरुवात केलेल्यांच्या बाळांचं वजन थोडं का होईना, वाढलेलं दिसलं.

माझी एकच विनंती आहे. माता-बाल संरक्षण कार्डावरचं जन्मवजन लसीकरणानंतर हरवू देऊ नका. ते मुलीच्या शाळेतल्या आरोग्यपत्रकावर उतरवा. सातव्या वर्षी घाबरलेल्या आईला धीर आणि नेमका सल्ला द्यायला तो आकडा उपयोगी पडेल. आजच्या चर्चेतून हा ठराव व्हावा, एवढी इच्छा व्यक्त करतो.