पोर चुकले तरी पोरच
(गडचांदूरच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण घरच्या पोरालाच पोलिसांनी नेले तर? दार लावून बसायचे का? नाही. तेव्हा ती पायरी चढलीच पाहिजे. कशी चढायची, ते आज सांगतो.

समजा, पंधरा वर्षांचा एक पोरगा आहे. कारखान्याजवळचे लोखंड उचलले, असा त्याच्यावर आळ आला. त्याला ठाण्यावर नेले. माय रडू लागली, बाप घाबरला. शेजारी म्हणाला, "अमक्याला पैसे द्या, तो सोडवून आणील." थांबा! पैसे देऊ नका. कायदा काय म्हणतो, ते आधी ऐका.

अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलामुलींचा कायदा वेगळा आहे. ही गोष्ट आजची नाही. मुंबई इलाख्यात १९२४ साली आणि मध्य प्रांतात १९२८ साली मुलांसाठी असे कायदे झाले. आता २०१५ चा बाल न्याय कायदा चालतो.

त्या कायद्याने मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. पोलिसांनी आईबापांना कळवलेच पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे नेले पाहिजे. आपल्याला त्यासाठी राजुऱ्यावरून, वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरला जावे लागते.

या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांत एक तरी बाई असते. आईबापांनी तिथे हजर राहावे. मुलाला मराठी नीट समजत नसेल, तो गोंडी किंवा कोलामी बोलत असेल, तर दुभाषी मागावा. तो देणे मंडळाचे काम आहे.

आता वकिलाचे. "वकिलाला पैसा कुठून आणू?" असे बाप म्हणेल. पैसा लागत नाही. १९८७ च्या कायद्याने मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाया, आदिवासी आणि अनुसूचित जातीचे लोक यांनाही मिळतो. त्यांची कमाई किती, हे कोणी विचारत नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. तिथे अर्ज करा, किंवा १५१०० या नंबरावर फोन करा. मंडळापुढे उभे राहून "आम्हाला वकील द्या" एवढे म्हटले तरी चालते.

दुसरी गोष्ट वयाची. कागदावर वय चुकून एकोणीस लिहिले, तर पोरगा मोठ्यांच्या कोर्टात जातो. म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला सोबत न्या. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगर परिषदेचा जन्मदाखला न्या. दोन्ही नसतील, तरच डॉक्टरी तपासणीने वय ठरवतात.

मुलाला बहुधा जामीन मिळतो. पण सुटल्यावर तो वाईट संगतीत सापडेल किंवा त्याला धोका होईल असे वाटले, तर त्याला निरीक्षणगृहात ठेवतात. चौकशीत चूक ठरली, तर मंडळ समज देते, समाजाचे काम करायला लावते, आईबापांच्या हवाली करून देखरेख ठेवते, किंवा विशेष गृहात पाठवते. तिथे तीन वर्षांहून जास्त ठेवत नाहीत. सोळा वर्षांवरच्या मुलाचा गुन्हा फार भयंकर असेल, तर मात्र मंडळ प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तिथेही वकील मिळतोच. निकाल पटला नाही, तर ३० दिवसांत अपील करता येते.

मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापायला कायद्याने बंदी आहे. मग आपणही ते चावडीवर उगाळू नये. गाव ज्याला चोर म्हणते, त्याला सुधारायला जागा कुठे उरते?

शेवटी एकच सांगतो. आता तुम्हाला वाचता येते. ठाण्यावर कोणी कागद पुढे केला, तर आधी तो वाचा. समजला नाही तर विचारा. कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठाही देऊ नका. आणि ज्या शेजाऱ्याला अजून वाचता येत नाही, त्याला हे आजच वाचून दाखवा. वेळ कोणाच्या दारी येईल, ते सांगून येत नाही.