पुसला न गेलेला निरोप



मज्जातंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. दोहोंमध्ये अतिसूक्ष्म फट असते. मेंदूची आज्ञा ती फट ओलांडते अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या रूपाने. मात्र निरोप पोहोचवणे हे अर्धेच काम. फळ्यावरचे जुने गणित पुसल्यावाचून नवे मांडता येत नाही. पुसण्याचे हे काम अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. त्याचा एकेक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू फोडतो.

बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावर 1974 साली उभ्या राहिलेल्या निम्हान्स या संस्थेत मायस्थेनियाचे रुग्ण येतात. सकाळी ताजातवाना असणारा माणूस संध्याकाळी पापणी उचलू शकत नाही, घास गिळू शकत नाही. स्नायूवरील निरोप घेणारी केंद्रेच या रोगात घटलेली असतात. अशा वेळी विकराला थोडे रोखले, तर निरोप फटीत अधिक काळ टिकतो आणि उरलेल्या केंद्रांना तो पुरतो. लंडनमधील ग्रीनिच येथील डॉक्टर मेरी वॉकर यांनी 1934 मध्ये फायसोस्टिग्मीन टोचून हे दाखवले. आज त्याच जातीच्या पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या देतात. मात्रा अधिक झाली, तर हेच औषध रुग्णाला पुन्हा दुर्बल करते.

आता हेच विकर सौम्यपणे नव्हे, तर घट्ट जखडले गेले तर? शेतात फवारली जाणारी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमके तेच करतात. ती पोटातून जातात, तशीच त्वचेतून आणि श्वासातूनही. कापसावर फवारणी करताना 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली व काहींचे प्राण गेले, हे कोणी विसरू नये. अशा विषाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येतो. ॲट्रोपीन दिले की ही लक्षणे ओसरतात आणि नातलगांना वाटते, संकट टळले.

ते टळलेले नसते. पुण्याच्या ससून रुग्णालयातील डॉ. आर. एस. वाडिया व सहकाऱ्यांनी अशा 200 रुग्णांचा अभ्यास 1974 साली प्रसिद्ध केला. काही लक्षणे प्रारंभीच दिसतात, तर काही मागाहून येतात, हे त्यांनी वेगळे करून मांडले. मागाहून येणारा दुबळेपणा खांदे, मांड्या, मान आणि श्वासाच्या स्नायूंवर घाला घालतो. ॲट्रोपीनचा त्यावर इलाज चालत नाही; कारण ते ग्रंथी व हृदयावरील केंद्रे झाकते, स्नायूंवरील नव्हे. श्रीलंकेच्या सेनानायके व कारालिएद्दे यांनी 1987 मध्ये अशाच रुग्णांचे वर्णन करून या अवस्थेला ‘मधला लक्षणसमूह’ असे नाव दिले. जगभर तेच रूढ झाले. पुण्याचे काम तेरा वर्षे आधीचे, हे महाराष्ट्रातही फारसे सांगितले जात नाही.

विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत ही अवस्था येते. तिच्यावर उपाय एकच, शक्ती परतेपर्यंत कृत्रिम श्वास. म्हणून जाणती परिचारिका त्या दिवसांत बऱ्या दिसणाऱ्या रुग्णालाही वारंवार एवढेच सांगते, ‘उशीवरून डोके उचला पाहू.’ डोके उचलले गेले नाही, की ती धावत डॉक्टरांना बोलावते.