वारली लढ्याचा पाठ वर्गात कसा घ्यावा

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



एकाच राष्ट्राची माणसे परस्परांविरुद्ध शस्त्र घेऊन उभी ठाकली की त्या कलहाला मराठीत यादवी म्हणतात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात अशी यादवी झाली. तिच्या मुळाशी गुलामगिरीचा प्रश्न होता आणि १८६५ च्या अखेरीस घटनादुरुस्तीने ती प्रथा रद्द झाली. हा पाठ शिकवताना शिक्षकाला संकोच वाटत नाही, कारण देश दूरचा आणि दोन्ही पक्ष परके असतात. डहाणू-तलासरीच्या शाळेत १९४५ च्या वारली लढ्याचा विषय निघाला की मात्र स्थिती पालटते. ज्यांच्या पणजोबांनी वेठ केली आणि ज्यांच्या पणजोबांनी ती करवून घेतली, अशा दोन्ही घरांतील मुले एकाच वर्गात असू शकतात. म्हणून हा विषय चार ओळींत उरकण्याचा मोह होतो.

परंतु मौन म्हणजे निःपक्षपात नव्हे. आपल्या घरी आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट शाळेत कधीच उच्चारली जात नाही, हे मुलाच्या ध्यानात आले की इतिहास हा दुसऱ्यांचा असतो, असा धडा ते न शिकवता शिकते. उलट, तोच विषय त्वेषाने सांगितला तर वर्गाचे दोन तट पडतात. या दोहोंमधून शिक्षकाला वाट काढावयाची आहे. सातवी-आठवीची मुले न्याय-अन्यायाविषयी फार हळवी असतात. म्हणून ही वाट जपून चालावी लागते.

पहिला नियम असा की, घटनेच्या आधी कारण सांगावे. एकोणिसाव्या शतकापासून या भागातील वारल्यांच्या बऱ्याच जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या आणि मालक होते ते कुळे झाले. जमीनदाराच्या शेतावर विनामोबदला राबणे, ही वेठ. लग्नासाठी कर्ज काढून त्याच्या फेडीपायी पत्नीसह धनकोच्या दारी वर्षानुवर्षे राबणारा तो लग्नगडी. या गोष्टी केवळ चळवळीच्या पुढाऱ्यांनी सांगितलेल्या नाहीत. मुंबई सरकारने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नेमलेल्या डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याच्या अहवालातही वेठबिगारीची नोंद आहे. सरकारी अधिकारी आणि सरकारविरोधी पुढारी एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिचे वजन वाढते, हे मुलांना येथे सहज पटवून देता येते.

यानंतर घटनाक्रम घ्यावा. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. माह्या धांगडा यांच्यासारखे वारली शेतकरी तेथे गेले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५,००० आदिवासी जमले आणि वेठ न करण्याचा निश्चय झाला. शामराव व गोदावरी परुळेकर हे या चळवळीचे पुढारी होते. त्याच वर्षी पावसाळा सरताना गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. मागणी होती ५०० रत्तल गवतामागे अडीच रुपयांची.

हा आकडा नुसता पाठ करवून घेऊ नये. त्याचे गणित मांडावे. अडीच रुपये म्हणजे ४० आणे. म्हणजेच एका आण्याला साडेबारा रत्तल, आजच्या मापाने साडेपाच किलोंहून थोडे अधिक गवत. शाळेच्या आवारातील तेवढे गवत कापून मुलांनी तराजूत घालावे. एका आण्यासाठी किती वेळा विळा चालवावा लागे, हे हाताला कळले की संपाचे कारण निराळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा नियम म्हणजे घटना आणि वार्ता यांतील भेद दाखवणे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असून त्यांनी सर्वांना बोलावले आहे, अशी खोटी आवई उठवून लोकांना तेथे जमवण्यात आले, असे चळवळीच्या पुढाऱ्यांचे कथन आहे. येथे शिक्षकाने थांबावे आणि मुलांना विचारावे: निरोप कोणी आणला? तो खरा की खोटा, हे कसे ताडून पाहता आले असते? पोलिसांना काय सांगितले गेले असेल? गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक शिक्षकाने अवश्य वाचावे; परंतु ते लढ्यातील एका पुढाऱ्याचे कथन आहे, हेही मुलांना सांगावे. साक्षीदार कोण, हे सांगितल्याने साक्षीचे मोल कमी होत नाही.

तिसरा नियम शब्दांचा. या घटनांना कोणी लढा म्हणतो, कोणी बंड, कोणी दंगल. यादवी हा शब्द मात्र येथे लागू पडत नाही. दोन सैन्ये समोरासमोर उभी नव्हती. कामास नकार आणि संप ही येथील मुख्य साधने होती. कोणता शब्द कोण वापरतो आणि का, ही चर्चा मुलांकडून करवून घ्यावी.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. दोष प्रथेला द्यावा, शेजारच्या बाकावरील मुलाला नव्हे. पणजोबांच्या कृत्याचा जाब पणतूला विचारू नये. तसेच वारली मुलाला केवळ दयेचा विषय करू नये. त्याच्या पूर्वजांनी ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य दाखवले, ही या पाठातील मुख्य गोष्ट आहे. घरच्या वृद्धांकडून ऐकलेली आठवण मुलाने वारली बोलीतच सांगितली, तर ती तशीच ऐकून घ्यावी. भाषा सुधारण्याची ती वेळ नव्हे.

पाठाचा शेवट गोळीबारावर न करता कायद्यावर करावा. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. तरीही १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. या दोन सालांमध्ये २६ वर्षांचे अंतर का पडले, हा प्रश्न फळ्यावर लिहून तास संपवावा. त्याचे उत्तर मुलांनी घरी विचारून आणावे.