वनस्पतींचे उत्सर्जन



प्राण्यांच्या शरीररचनेवरील कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा; त्यात मूत्रपिंडांवर एक प्रकरण असतेच. वनस्पतींवरील पुस्तकात त्याच्या जोडीचे प्रकरण शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. वडासारखा वृक्ष शेकडो वर्षे उभा असतो. त्याला मूत्रपिंड नाही, आतडे नाही, घर्मग्रंथी नाहीत. मग त्याच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये जातात तरी कोठे?

शास्त्रीय पुस्तकांचा अनुवाद करणाऱ्यापुढे हा प्रश्न शब्दाच्या रूपाने उभा राहतो. शरीराला नको असलेले बाहेर टाकणे ते उत्सर्जन. आणि शरीराने स्वतःच्या उपयोगासाठी निर्माण करून सोडावयाचा तो स्राव. मूत्र हे उत्सर्जन, लाळ हा स्राव. प्राण्यांपुरती ही विभागणी सरळ आहे. परंतु बाभळीचा डिंक कोणत्या रकान्यात मांडावयाचा? रुईचा चीक, चीड वृक्षाची राळ, खैराचा कात यांचे काय? येथे केवळ एक शब्द निवडावयाचा नसतो. त्या शब्दाबरोबर वृक्षाविषयीचे एक मतही आपण वाचकाच्या हाती देत असतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, वनस्पतीला प्राण्याइतकी उत्सर्जनाची निकडच नाही. आपण अन्नातून गरजेपेक्षा अधिक प्रथिने घेतो आणि त्यांतील जादा नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकतो. वनस्पती आपले अन्न स्वतः रचते, लागेल तेवढेच रचते, आणि नायट्रोजन तर तिला सदैव अपुरा पडणारा. तो टाकून देणे तिला परवडत नाही. पेशींच्या व्यवहारात मोकळा झालेला अमोनिया ती पुन्हा प्रथिनांच्या घडणीत गुंतवते. पान गळण्यापूर्वी त्यातील साधारणपणे निम्मा नायट्रोजन खोडाकडे परत ओढून घेतला जातो. पिवळे पडलेले पान म्हणजे सामान हलवून रिकामे केलेले घर होय. कॅल्शियम मात्र एकदा पानात आले की परत जाऊ शकत नाही. ते पानाबरोबरच जमिनीवर येते. पानगळीला उत्सर्जन म्हणावयाचे तर ते या मर्यादित अर्थाने.

खऱ्या अर्थाने बाहेर जातात ते वायू. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून उरलेला ऑक्सिजन आणि रात्री श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पर्णरंध्रांतून निघून जातो. वृक्षाचे टाकाऊ द्रव्य ते आपला प्राणवायू, ही गोष्ट इतकी परिचित आहे की तिच्यावर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

मिठाची गोष्ट अधिक कुतूहलाची आहे. सुंदरबनात ज्याला बाइन म्हणतात आणि कोकणच्या खाडीकाठी तिवर, त्या झाडाच्या पानावर कोरड्या दिवशी पांढुरके कण दिसतात. पान जिभेला लावावे, ते खारट लागते. खाऱ्या पाण्यातून मुळांवाटे आत शिरलेले मीठ पानांवरील सूक्ष्म ग्रंथी बाहेर टाकतात. त्याच चिखलात उभे असलेले कांदळ बहुतेक मीठ मुळांशीच अडवून धरते.

ज्याला बाहेरची वाट नाही, ते आतच साठविले जाते. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. अळू कच्चे राहिले की घसा खवखवतो, तो या सुयांमुळे. खैर आणि चंदन यांच्या खोडाचा मधला भाग, ज्याला मध्यकाष्ठ म्हणतात, तो मृत पेशींचा असतो. मरण्यापूर्वी या पेशी टॅनिने, तेले, रंगद्रव्ये अशा पदार्थांनी भरून जातात. खैराच्या या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढतात. चंदनाचा सुगंधही गाभ्यातच. जिवंत बाह्य काष्ठाला तो नाही.

या सर्व पदार्थांना कचरा मानण्याची प्रथा शास्त्रात दीर्घकाळ रूढ होती. वृक्षाला शौचकूप नाही, म्हणून तो आपली घाण आतल्या खोलीत कोंडतो, असा एकंदर समज. त्याला विरोध करणारा पुरावा मात्र फार लवकर पुढे आला होता. येना येथील वनस्पतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट श्टाल यांनी 1888 साली गोगलगायींवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या ताज्या पानांना गोगलगायी तोंड लावीत नसत, तीच पाने अल्कोहोलमध्ये ठेवून त्यांतील द्रव्ये काढून टाकली की त्या ती खात. म्हणजे ती द्रव्ये पानाचा पहारा करीत होती. प्रयोग इतका साधा, तरी त्याची उपेक्षा झाली. 1959 साली कीटकशास्त्रज्ञ गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी या पदार्थांचे प्रयोजनच कीटकांपासून संरक्षण हे आहे, असे ठामपणे मांडले, तेव्हा कोठे वारे फिरू लागले. तंबाखूचे निकोटीन मुळांत तयार होते आणि पानांत चढते. अळीने पान कुरतडले की त्याची निर्मिती वाढते. दुखापत झाली म्हणून कोणी अधिक कचरा निर्माण करील काय?

मुळांच्या बाबतीत असेच घडले. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ दे कांदोल यांनी 1832 साली म्हटले की, पिके मुळांवाटे विषारी मळ टाकतात, म्हणून शेतात पिकांची फेरपालट करावी लागते. हा विचार पुढे मागे पडला. हैदराबादजवळच्या पटणचेरू येथे, इक्रिसॅट या संस्थेत, तुरीच्या मुळांचा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष 1990 साली प्रसिद्ध झाला: तुरीची मुळे पिसिडिक अम्ल सोडतात आणि तांबड्या जमिनीत लोहाला जखडलेला फॉस्फरस त्याने मोकळा होतो. दे कांदोल यांना जो मळ वाटला असता, ती येथे किल्ली ठरली. हरभऱ्याच्या पानांवरची आंब आपले शेतकरी पहाटे फडक्यात टिपून घेत आले आहेत. त्या आंबट थेंबांतील मॅलिक व ऑक्झॅलिक अम्लेही पिकाची राखण करतात.

आता डिंकाकडे वळतो. मध्य प्रदेश, छत्तीसगड, आंध्र प्रदेशातील कोरड्या टेकड्यांवर पांढऱ्या सालीचा कुल्लू वृक्ष उभा असतो. मराठीत त्याला कांडोळ म्हणतात. त्याचा डिंक औषधांत वापरला जातो, कवळी चिकटविण्यासाठीही वापरला जातो, आणि तो गोळा करणे हा अनेक आदिवासी कुटुंबांच्या मिळकतीचा भाग आहे. हा डिंक झाड सहज टाकून देत नाही. घाव झाला की तो बुजविण्यासाठी झाड तो तयार करते. ज्याला हा कचरा वाटतो, त्याला कुऱ्हाडीचा घाव खोल घातल्याने झाडाचे काही बिघडते असे वाटण्याचे कारण नाही. जेवढे निघेल तेवढे काढावे. प्रत्यक्षात अशा खोल घावांनी कुल्लूचे वृक्ष मोठ्या संख्येने मेले आणि काही ठिकाणी डिंक काढण्यावर बंदी घालावी लागली. बंदीने वृक्ष वाचतो, पण गोळा करणाऱ्याची चूल विझते. यावर उपाय निघाला तो जखमेचे गणित समजून घेतल्यावरच: साल उथळ काढावयाची, जिवंत काष्ठाला धार लागू द्यावयाची नाही, आणि एक घाव भरून येईपर्यंत त्याच्या शेजारी दुसरा घालावयाचा नाही.

माझ्या अनुवादात डिंक, चीक आणि राळ हे तिन्ही शब्द मी ‘स्राव’ या मथळ्याखाली घेतले आहेत. पाने, वायू आणि तिवराचे मीठ ‘उत्सर्जना’त राहिले आहे. कात आणि अळूच्या सुया यांना दोन्ही मथळे सारखेच अपुरे पडतात. त्यांच्यापुढे मी ‘संचित द्रव्ये’ एवढेच लिहिले आहे.