आधी आपली वही

(पुणे येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



बैठकीला बसलो की सरकार, व्यापारी आणि पाऊस या तिघांवर आपण तासन्‌तास बोलतो. बोलायलाच पाहिजे. पण एका माणसाकडे आपण कधी निरखून पाहत नाही. तो म्हणजे आपण स्वतः. स्वतःला ओळखणे हे काही कीर्तनापुरते काम नाही. ते शेतीच्या कामाचे आहे आणि आंदोलनाच्याही.

याच पुणे जिल्ह्यातले उदाहरण घ्या. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली मोठ्या पगाराची नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेती तोट्यात का, याचे त्या वेळचे उत्तर ठरलेले होते : शेतकरी आळशी, अडाणी, लग्नकार्यात उधळ्या. जोशींनी ते मानले नाही, पण नुसते हातही झटकले नाहीत. स्वतः शेती केली, काय घातले आणि काय निघाले ते मांडले. पीक आले तरी भाव खर्चाला पुरत नाही, हे त्यातून कळले. मग 1979 साली शेतकरी संघटना उभी राहिली, 1980 साली चाकणचे कांदा आंदोलन पेटले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेखाली हिशेबाचा पाया होता.

यातून घ्यायचे ते एवढेच, की आपला दोष आणि व्यवस्थेचा दोष यांची खाती वेगळी ठेवावीत. ती एकत्र झाली की माणूस एक तर सगळे दैवावर ढकलतो, नाही तर सगळे स्वतःच्या माथी मारून घेतो. दुसरी वाट कुठे जाते, ते कापूस पट्ट्याला सांगायला नको.

आता आपले खाते उघडू. शेजाऱ्याचा पंप वाजला की आपलाही वाजतो. कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभर बोंडांत दहा किडकी निघाली, तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारा, असे शास्त्र सांगते. पंप पाठीवर घेण्याआधी विचारावे : आपण अळी मोजली, की नुसते घाबरलो? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली. त्याची कारणे अनेक होती. पण पंप आपल्याच पाठीवर असतो.

दुसरे, घरच्या घामाचे. 2018 च्या अंदाजपत्रकात सरकारने दीडपट भावाची घोषणा केली. त्यात खिशातला खर्च आणि घरच्यांची मजुरी धरली. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज सोडले. त्यावर भांडायचे आहेच. पण घरच्या बाईने किती दिवस निंदले, किती दिवस कापूस वेचला, हे कुणी विचारले तर आपल्यातले किती जण सांगू शकतील? जे आपल्याच घरात मोजले जात नाही, ते दिल्लीत कोण मोजणार? 1986 साली चांदवडच्या अधिवेशनात मायबहिणींनी हाच प्रश्न समोर ठेवला होता.

हिशेब आपल्या विरुद्ध गेला तरी खराच लिहावा. ज्वारीचा कडबा घरच्या बैलांनी खाल्ला, तरी त्याची किंमत जमेला धरावी. खोट्या वहीने सभा जिंकता येते, वाटाघाटी नाही.

तेव्हा रोज रात्री तीन ओळी लिहायच्या. आज काय केले? ते मोजून केले, की भीतीने, रागाने, दुसऱ्याचे पाहून? घरातले आणखी कोण राबले? अमावस्येला ती वही घरात मोठ्याने वाचावी आणि चूक घरच्या बाईने दुरुस्त करावी. कार्यकर्त्याने चौथी ओळ लिहावी : आजच्या बैठकीत शंका काढणाऱ्याला आपण बोलू दिले का?

पुढच्या बैठकीला येताना मागण्यांच्या कागदाआधी ही वही पिशवीत घाला. आपला खर्च ज्याला तोंडपाठ आहे, तो व्यापाऱ्यापुढे मान खाली घालत नाही आणि मंत्र्यापुढेही नाही.