वीरगळ आणि तुकाराम ओंबळे



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झाले, नाट्यसंगीत झाले, शिवकाल तर वर्षाआड होतोच. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्याकडून आपण फार मोठ्या मात्रेची अपेक्षा धरणार नाही, अशा समजुतीने मी आज एका सहायक फौजदाराविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, त्यात १६६ माणसे गेली, त्यांतले हे एक. नाव तुम्ही सर्वांनी ऐकलेले आहे. नावापुढे काय ठाऊक आहे, हे मात्र प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे. दर वर्षी २६ नोव्हेंबरला मोबाइलवर फोटो येतात, मेणबत्तीचे चित्र येते, आपण ते पुढे पाठवतो आणि भाजी आणायला जातो. मीही त्यांतलाच.

आपल्या बेळगाव भागात माणसाची आठवण ठेवण्याची एक जुनी रीत होती. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे, कधी शेताच्या बांधावर उभा दगड दिसतो. त्यावर शेंदूर असतो, लोक त्याला देव समजून नारळ वाढवतात. तो वीरगळ. खालच्या पट्टीत लढाई कोरलेली असते, तिथे बऱ्याचदा गाई दिसतात. मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेत असतात. वरच्या पट्टीत तो देवासमोर बसलेला असतो. बहुधा शिवलिंग असते, वीर जैन असला तर जिनमूर्तीही आढळते. मला या दगडांचे कौतुक वाटते ते खालच्या पट्टीमुळे. राजासाठी दगड उभा करणे सोपे. इथे मात्र गावची गुरे कोणी पळवून नेत असताना आडवा झालेला एखादा साधा गडी आहे. तो कोण होता यापेक्षा त्याने काय केले ते आधी कोरले. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला तर दहाव्या शतकातला एक शिलालेख आहे, त्यात रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याची आठवण आहे! आपल्या पूर्वजांचा हिशेब असा होता. जो आडवा झाला त्याचा दगड. मग तो माणूस असो की कुत्रा.

ओंबळ्यांची खालची पट्टी कोरायची तर काय कोरावे लागेल?

सातारा जिल्ह्यात जावळी तालुका आहे, तिथले केडंबे हे त्यांचे गाव. आधी सैन्यात नोकरी, मग मुंबई पोलीस. घरी पत्नी आणि चार मुली. त्या रात्री ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या ड्युटीवर होते आणि गिरगाव चौपाटीला नाकाबंदी लागली होती. माझ्या दवाखान्यात गुडघेदुखीसाठी निवृत्त पोलीस बरेच येतात. तीस वर्षे उभे राहण्याची नोकरी केल्यावर गुडघे दुसरे काय करणार! त्यांच्याकडून मला कळले की, नाकाबंदी म्हणजे नव्याण्णव टक्के कंटाळा. गाडी थांबवायची, काच खाली करायला लावायची, कागद बघायचे, पुढे सोडायची. उरलेला एक टक्का कधी येईल ते कोणालाच सांगता येत नाही.

तो मध्यरात्र उलटून गेल्यावर आला. कसाब आणि इस्माईल हे दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे मारून निघाले होते. तिथे विष्णू झेंडे या उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सावध केले नसते, तर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. पुढे कामा हॉस्पिटल. तिथे अंजली कुलथे या परिचारिकेने वीस गरोदर बायांना सुरक्षित खोलीत नेले. बाहेरच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर पडले. त्यांचीच गाडी घेऊन हे दोघे निघाले. तिचे चाक बसले, तेव्हा वाटेत दुसरी मोटार हिसकावून ते चौपाटीकडे आले. नाकाबंदी दिसताच मोटार थोडी अलीकडे थांबली, वळायला गेली आणि दुभाजकाला अडली. गोळीबार झाला, इस्माईल मारला गेला. दुसरा शरण येत असल्यासारखा दिसला, तोच त्याच्या हातात बंदूक आली. ओंबळे पुढे झाले. त्यांच्या हाती काठी होती, बंदूक नव्हती. त्यांनी समोरच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या. पण नळी त्यांच्या अंगाकडे राहिली, इतरांकडे वळली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी लाठ्यांनी त्या माणसाला पाडले.

मी डॉक्टर आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. चटका बसला की हात मागे येतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. निरोप मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच पाठीच्या कण्यातून हुकूम सुटतो. अंगावर काही धावून आले की हात तोंडावर, छातीवर जातात. शरीराला स्वतःला वाचवण्याची ही विद्या जन्मतःच येते. ते दोन हात मात्र पुढे गेले. नंतर शौर्यावर लिहिणाऱ्यांनी किती गोळ्या लागल्या याचे आकडे दिले, दर लेखात वेगळे. मला त्या आकड्यांत रस नाही. हातांची दिशा मला पुरे आहे.

कसाब जिवंत सापडला. हे वाक्य आता इतके सवयीचे झाले आहे, की त्याचे वजन कळत नाही. हल्लेखोरांजवळ खोट्या नावांची ओळखपत्रे होती. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की कसाब मेला असता तर बंगळूरचा समीर चौधरी म्हणून मेला असता. आपल्याच राज्यातल्या शहराचे नाव! तसे झाले असते तर इथल्या गल्लीगल्लीत काय बोलले गेले असते, कोणी कोणाकडे कसे पाहिले असते, याची कल्पना तुम्ही करा. मला करवत नाही. तो जिवंत सापडला, म्हणून तो पाकिस्तानातल्या फरीदकोटचा आहे हे जगापुढे आले. कुलथे सिस्टरांना त्याला समोर ओळखता आले. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची हकीकत सांगितली, तीही त्यांनीच.

आणि खटला चालला. आर्थर रोड तुरुंगात न्यायमूर्ती ताहिलियानी यांच्यापुढे साक्षीपुरावे झाले. मे २०१० मध्ये शिक्षा, २०११ मध्ये उच्च न्यायालय, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालय, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी. मधल्या काळात 'त्याला पोसताय कशाला' असे आपल्यापैकी पुष्कळांनी म्हटले. बिर्याणीची कंडीही पिकली होती, ती पुढे खोटी ठरली. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, हे किती जणांच्या लक्षात आहे? अशा संतापाच्या दिवसांतही न्यायालयाने पुरावा तपासला. मला स्वतःला त्या फाशीपेक्षा या गोष्टीचा अधिक अभिमान वाटतो. कोणाला हे पटणार नाही. नंतर चहाच्या वेळी भांडू.

मी जैन घरात वाढलो. किल्ल्यातल्या कमलबस्तीत लहानपणापासून जातो. साहजिकच मला विचारतात, डॉक्टर, तुमची अहिंसा अशा वेळी काय सांगते? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू असते. अहिंसा म्हणजे पळून जाणे, असा त्याचा समज असतो. आमच्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. गृहस्थाने ती कधीच करायची नाही. स्वयंपाकपाण्यात, शेतीधंद्यात जी घडते ती टाळता येईल तितकी टाळायची. आणि आक्रमण करणाऱ्याला अडवताना घडते ती विरोधी. ती गृहस्थाला निषिद्ध नाही. राज्यकर्ता असो वा सैनिक, जैनांमध्ये असे पुष्कळ होऊन गेले. ओंबळे जैन नव्हते, त्यांना ओढून आमच्या चौकटीत बसवण्याचा माझा हेतू नाही. पण चार प्रकार पाठ असूनही मला त्यांचे कृत्य त्यांत बसवता येत नाही. विरोध पूर्ण आहे, आणि त्यांच्या बाजूने हिंसा जवळजवळ नाहीच. मारायला नव्हे, धरायला हात पुढे केला. पुढे असेही प्रसिद्ध झाले, की सहकारी चिडून कसाबवर तुटून पडले तेव्हा स्वतः जखमी झालेले अधिकारी संजय गोविलकर यांनी त्यांना आवरले. मग त्याला नायर रुग्णालयात नेले आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. आम्हा वैद्यकांना ही गोष्ट साधी वाटायला हवी. त्या रात्री ती साधी नसणार.

सन्मान पुष्कळ झाले. २६ जानेवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते मरणोत्तर अशोकचक्र दिले गेले. शांततेच्या काळातले ते सर्वोच्च शौर्यपदक. चौपाटीवर पुतळा झाला. केडंब्याला स्मारक उभारण्यास महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये मंजुरी दिली. हे सगळे योग्यच. पण मला सर्वांत आवडलेला सन्मान वेगळाच आहे. २०२१ मध्ये प्राणिशास्त्रज्ञांना ठाणे-कल्याण भागात उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली. तिचे शास्त्रीय नाव त्यांनी ठेवले आयसियस तुकारामी. नखाएवढाही नसलेला जीव! काही मंडळींना हे हास्यास्पद वाटले. एवढ्या मोठ्या माणसाचे नाव कोळ्याला? मला तसे वाटले नाही. आमच्याकडे दिवा लावताना, पाणी गाळताना अशा जिवांचा विचार करायला शिकवतात. शिवाय पुतळा झिजतो, चौकाचे नाव बदलते, हे सीमाभागात राहणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको. शास्त्रीय नाव सहसा मिटत नाही. शंभर वर्षांनी रशियातला किंवा जपानमधला एखादा अभ्यासक विचारील, तुकाराम कोण? कोणीतरी त्याला संतांपासून सांगू लागेल आणि मग दुरुस्ती होईल.

आपण १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. तिथे नावे वाचली जातात, निदान माझ्या लहानपणी ती मोठ्याने वाचत. २६ नोव्हेंबरच्या बाबतीत तसे होत नाही. मोठ्या अधिकाऱ्यांची नावे येतात आणि 'व इतर' असे म्हणून वक्ता पाण्याचा पेला उचलतो. त्या 'इतर'मध्ये शिपाई आहेत, गृहरक्षक दलाचे जवान आहेत, फलाटावर गाडीची वाट पाहत बसलेली कुटुंबे आहेत. माझे मंडळाला एवढेच सांगणे आहे, की यंदा भाषण अर्धे करावे आणि नावे पूर्ण वाचावीत. पंधरा-वीस मिनिटे लागतील. लहान मुले कंटाळतील, कंटाळू देत.

आणखी एक. कार्यवाहांकडून कळले, की मंडळाची सहल या हिवाळ्यात महाबळेश्वरला जाणार आहे. बस साताऱ्याहून वाईमार्गे न नेता मेढा-केळघरवरून नेता येते. तो रस्ता जावळी तालुक्यातूनच जातो. केडंबे तिथेच आहे. थोडी वाट वाकडी होईल, स्ट्रॉबेरी अर्धा तास उशिरा मिळेल. गाडीभाड्यात काही फरक पडला तर तो मी देतो.