वाळवंटातला पावश्या



पावश्या ओरडला की आपण म्हणतो, 'पेर्ते व्हा' सांगतोय. त्याच्याच कुळातला पिवळ्या चोचीचा एक पक्षी अमेरिकेत आहे. तिथले लोकही त्याला पावसाचा कावळा म्हणतात.

पश्चिम अमेरिकेत तो इतका कमी झाला, की २०१४ साली सरकारने त्याला धोक्यातला पक्षी ठरवलं. तरी ॲरिझोनाच्या वाळवंटात सॅन पेड्रो नदीकाठी तो उन्हाळ्यात येतो. आधी आवाज येतो. मग पानांत निवांत बसलेला तो शोधायचा. लांब शेपटीखाली पांढरे मोठे ठिपके दिसले, की तोच. केसाळ सुरवंट त्याला फार आवडतात.

तो इथेच का येतो? १९८८ साली या नदीचा सुमारे ६४ किलोमीटर काठ राखीव झाला. चराई आणि वाळूउपसा थांबला. गवत, वाळुंजाची झाडं दाटली, पाखरं वाढली.

पण ही झाडं जमिनीतल्या उथळ पाण्यावर जगतात. आसपासच्या बोअरनी ते पाणी ओढलं, की झाडं वाळतात. मग सुरवंट नाहीत आणि पाखरूही नाही. काठाला कुंपण घालता येतं, जमिनीखालच्या पाण्याला नाही.

आपल्या ओढ्याचंही तसंच आहे, बायांनो. म्हणून गटाच्या वहीत हप्त्यांशेजारी एक रकाना वाढवा. दर महिन्याच्या बैठकीदिवशी गावच्या विहिरीत दोरी सोडा आणि पाणी किती हातांवर आहे ते लिहा. वर्षभराचे आकडे हाती असले, की ग्रामसभेत आपलं बोलणं कुणाला टाळता येणार नाही.